रेकॉर्डच्या कव्हरवरून स्लाइडची थीम : ब्लू नोटची शिस्त, देवनागरीची अक्षरं

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’चं कव्हर एकदा शोधून नीट बघा. अख्खा फोटो निळ्या शाईत बुडालेला, मान खाली घालून विचारात पडलेला कोल्ट्रेन, आणि वरच्या बाजूला रेकॉर्डचं आणि वादकाचं नाव. १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही रेकॉर्ड ब्लू नोट कंपनीनं १९५८ मध्ये बाजारात आणली. दुकानात उभ्यानं रेकॉर्डी चाळणाऱ्या गिऱ्हाइकाला एकेक कव्हर जेमतेम दोन-तीन सेकंद दिसतं. तेवढ्यात त्याचा हात थांबवायचा, हे कव्हरचं काम. स्लाइडचंही काम हेच आहे. सभागृहातला माणूस पडद्याकडे एक नजर टाकतो आणि पुन्हा बोलणाऱ्याकडे बघतो. त्या एका नजरेत जे पोहोचलं तेवढंच पोहोचलं.

संगीताच्या कव्हरवरून प्रेझेंटेशनची थीम करायची, तर ब्लू नोटइतका चांगला शिक्षक मला दुसरा दिसत नाही. जॅझच्या रेकॉर्डी काढणारी ही कंपनी आल्फ्रेड लायन यांनी मॅक्स मार्ग्युलिस यांच्या साथीनं १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केली. लायन यांचे बर्लिनमधले बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्याच वर्षी नाझी जर्मनीतून निसटून तिथं पोहोचले आणि कंपनीत आले. ध्वनिमुद्रण चालू असताना वुल्फ वादकांचे फोटो काढत. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर रीड माइल्स हे मांडणीकार आले आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी जवळपास पाचशे कव्हरं केली. पैसे तुटपुंजे, म्हणून बरीच कव्हरं काळा आणि आणखी एखादा रंग एवढ्यावरच छापायची. ती अडचण माइल्स यांनी शैलीत बदलली, आणि आपल्याला उसनं घ्यायचं ते हेच.

‘व्हिनाइल थीम’ म्हणून नेटवर मिळणाऱ्या बहुतेक टेम्पलेटांत कोपऱ्यात काळी तबकडी असते, मागे स्वरलिपीची चिन्हं उडत असतात आणि पुढे नेहमीचेच बुलेट. त्याला सजावट म्हणता येईल. थीम म्हणजे नियम: रंग किती, अक्षर केवढं, फोटो कुठे, रिकामी जागा किती. ते नियम पक्के असले की पडद्यावर एकही तबकडी नसली तरी बघणाऱ्याला जॅझ जाणवतो.

उदाहरण म्हणून अर्ध्या तासाचं एक व्याख्यान धरू: ‘मुंबईचा जॅझ, गोव्याचे वादक’. १९३५ मध्ये अमेरिकी बँडप्रमुख लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात आले. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. या मंडळींच्या सहवासात तयार झालेले वादक मोठ्या संख्येनं गोव्याचे. त्यातले ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हॉटेलात बँड चालवत आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांनाही हात लावत. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा महोत्सव झाला, तेव्हा ब्लू नोटसाठी ध्वनिमुद्रण केलेले सॉनी रोलिन्स इथं वाजवून गेले. विषय आणि शैली यांचं नातं असं खरं असलं की थीम चिकटवलेली वाटत नाही. तुमचा विषय तिमाही विक्रीचा असेल तरी पुढची पद्धत चालेल, फक्त मध्यवर्ती खूण तुमच्या विषयातून शोधावी लागेल.

पहिलं काम: कव्हरं वाचणं

सॉफ्टवेअर उघडू नका. पाच-सहा कव्हरं समोर ठेवा आणि प्रत्येकाची कल्पना एका वाक्यात लिहा. फ्रेडी हबर्ड यांच्या ‘हब-टोन्स’वर उभ्या पट्ट्यांची रांग आहे आणि त्यातली एकच पट्टी खाली घसरली आहे. लॅरी यंग यांच्या ‘युनिटी’वर शीर्षकातल्या पहिल्या अक्षराच्या पोटात चार ठिपके आहेत, कारण वादक चार आहेत. जॅकी मॅक्लीन यांच्या ‘इट्स टाइम’वर उद्गारचिन्हांची नुसती झड लागली आहे. कॅननबॉल ॲडर्ली यांच्या ‘समथिन एल्स’वर फोटोच नाही, काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरं तेवढी.

वाक्यं लिहून झाली की एक गोष्ट लक्षात येईल. बऱ्याच कव्हरांवर आकार एकच असतो, तो पुन्हापुन्हा येतो आणि कधीकधी एका ठिकाणी बिघडतो. घसरलेली पट्टी काढून टाका, उरतात नुसत्या रेघा.

आता आपली खूण. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, असतात. कुठले दाबले आणि कुठले मोकळे, यावर स्वर बदलतो. म्हणून आपली खूण तीन वर्तुळं: दाबलेला व्हॉल्व्ह भरीव, मोकळा पोकळ. पाश्चात्त्य स्वरलेखनात ट्रम्पेटसाठी लिहिलेल्या सी सप्तकातले पहिले चार स्वर घ्या, आपल्या सरावाच्या भाषेत सा रे ग म. ‘सा’ला तिन्ही मोकळे. ‘रे’ला पहिला आणि तिसरा दाबायचा. ‘ग’ला पहिला आणि दुसरा. ‘म’ला फक्त पहिला. चारही आकृत्या एकमेकींहून वेगळ्या, म्हणजे व्याख्यानाच्या चार विभागांना चार खुणा आयत्या मिळाल्या. समोर एखादा ट्रम्पेटवाला बसला असेल तर तो ओळखेल आणि खूश होईल; इतरांना नुसती लयबद्ध नक्षी दिसेल. दोन्ही चालेल.

खूण ठरवताना एवढंच बघा की ती विषयाच्या आतून आलेली आहे आणि साध्या भौमितिक आकारात काढता येते. सॅक्सोफोनचं चित्र, हेडफोन, स्वरलिपीची चिन्हं हे सगळं टाळा. ते कुठल्याही विषयाला लागू पडतं, म्हणून काहीच सांगत नाही.

चौरस कव्हर, आडवी स्लाइड

लाँग प्लेचं कव्हर साधारण ३१ सेंमीचा चौरस. स्लाइड १६:९. चौरसातली रचना ताणून आडवी केली की तिचा तोल जातो, म्हणून चौरस तसाच ठेवायचा आणि उरलेल्या जागेला वेगळं काम द्यायचं.

पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ × १९.०५ सेंमी असते. डावीकडे पूर्ण उंचीचा १९.०५ सेंमीचा चौरस धरा. उजवीकडे १४.८२ सेंमी रुंदीची उभी पट्टी उरते. चौरस फोटोचा किंवा मोठ्या अक्षराचा, पट्टी मजकुराची. ही एकच उभी रेघ सगळ्या थीमचा कणा आहे आणि प्रत्येक लेआउटमध्ये ती त्याच जागी राहिली पाहिजे.

व्ह्यू मेनूतून स्लाइड मास्टर उघडा. डावीकडच्या रांगेत सगळ्यात वरची मोठी स्लाइड म्हणजे मास्टर, खालच्या लहान त्या लेआउट. मास्टरवर गाइड, म्हणजे आखणीच्या रेघा, चालू करा आणि एक उभी गाइड त्या रेघेवर न्या. पॉवरपॉइंट गाइडचं अंतर स्लाइडच्या मध्यापासून मोजतं, त्यामुळे ती मध्यापासून उजवीकडे २.१२ सेंमीवर येईल. पट्टीच्या दोन्ही बाजूंना १.२ सेंमी समास सोडा, मजकुराला १२.४ सेंमी रुंदी मिळेल. कमी वाटेल. ती मुद्दाम कमी आहे, कारण त्या रुंदीत परिच्छेद बसत नाही.

गूगल स्लाइड्समध्ये हेच काम ‘स्लाइड’ मेनूतल्या ‘एडिट थीम’मधून होतं. तिथलं नेहमीचं पान २५.४ × १४.२९ सेंमी असतं, म्हणून चौरस १४.२९ चा धरा. बाकी हिशोब तोच.

दोन शाया

कागद, काळी शाई, एक मुख्य रंग आणि क्वचित वापरायचा एक ठिणगीचा रंग. याच्या पुढे जायचं नाही. आपल्या व्याख्यानासाठी मी हे रंग घेईन. आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमानं:

कागद: २४७, २४२, २३०
शाई: २०, २२, २६
निळा: १८, ७२, १२२
नारिंगी: २२६, १२०, ३८

कागद पांढराशुभ्र ठेवलेला नाही. जुन्या कव्हरांचा पिवळसरपणा हे एक कारण, आणि प्रोजेक्टरचा निव्वळ पांढरा प्रकाश अर्धा तास डोळ्यांना टोचतो हे दुसरं.

आता हे रंग एकमेकांवर वाचता येतात का? वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमांनुसार बारीक मजकुराला निदान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ इतका विरोध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, लागतो. कागदावर निळं अक्षर सुमारे ८.४:१, उत्तम. काळ्यावर नारिंगी ६:१ च्या आसपास, चांगलं. निळ्यावर नारिंगी ३.१:१, म्हणजे फक्त थोराड अक्षरांपुरतं. आणि कागदावर नारिंगी जेमतेम २.७:१, म्हणजे त्या जोडीत अक्षर लिहायचंच नाही. वर्तुळ भरायला हरकत नाही. ही चौकड आधीच तपासून ठेवली की पुढे कुणी सहकारी क्रीम पानावर नारिंगी टीप लिहू लागला तर त्याला कारणासकट थांबवता येतं.

स्लाइड मास्टरमध्ये ‘कलर्स’मधून ‘कस्टमाइझ’ उघडलं की बारा खाने दिसतात: मजकूर आणि पार्श्वभूमीचे चार, ॲक्सेंटचे सहा, लिंकचे दोन. डार्क १ मध्ये शाई, लाइट १ मध्ये कागद, डार्क २ मध्ये निळा, लाइट २ मध्ये निळ्याची अगदी फिकट छटा. पहिल्या ॲक्सेंटला निळा, दुसऱ्याला नारिंगी. उरलेले चार ॲक्सेंट तसेच सोडू नका. त्यांत निळ्याच्या दोन मधल्या छटा आणि दोन करडे भरा. नाहीतर कुणी आलेख घातला की पॉवरपॉइंट आपले जुने पिवळे-हिरवे रंग काढून मोकळं होतं आणि दोन शायांची सगळी मेहनत एका स्लाइडवर पाण्यात जाते. लिंकचे खानेही निळ्यानं भरा.

खाने असे नीट भरले की आणखी एक सोय होते. एखाद्या स्लाइडला ‘बॅकग्राउंड स्टाइल्स’मधून गडद पार्श्वभूमी दिली की मजकूर आपोआप कागदाच्या रंगाचा होतो. याची गरज पडते, कारण प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. तो फक्त तिथं प्रकाश टाकत नाही. दिवे चालू असलेल्या वर्गात तुमचा ‘काळा’ म्हणजे भिंतीचा रंग. खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत कागदी पार्श्वभूमी, अंधाऱ्या सभागृहात गडद. थीम दोन्हीला तयार हवी.

अक्षर: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

माइल्स यांची कव्हरं अक्षरांवर उभी आहेत. रोमन लिपीत त्यांनी जे केलं ते सगळं देवनागरीत जसंच्या तसं होत नाही. काय चालतं आणि काय मोडतं हे समजून घेतलं नाही तर थीम इंग्रजी शीर्षकांवर देखणी आणि मराठी शीर्षकांवर गबाळी दिसते.

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही. त्यामुळे सगळं मोठ्या लिपीत किंवा सगळं लहान लिपीत, ही युक्ती बाद. तिच्या जागी वजन आणि रुंदी. त्यासाठी ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षरकारांनी केलेला ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट फार कामाचा आहे, कारण त्यात बारीक ते जाड वजनं तर आहेतच, शिवाय अरुंद ते ऐसपैस रुंदीही आहे. शीर्षक अरुंद आणि जाड, नाव ऐसपैस आणि बारीक, अशी जोडी एकाच कुटुंबातून मिळते. गूगल फॉन्ट्सवरून तो फुकट उतरवता येतो. झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असतं. पॉवरपॉइंटसाठी त्यातल्या फाइली बसवा, व्हेरिएबल फाइल नको. मजकुरासाठी त्यांचाच ‘मुक्त’ हा फॉन्ट स्वच्छ आहे. शीर्षक आणखी चिंचोळं हवं तर तेको बघा. ‘ल’ आणि ‘श’ अस्सल मराठी वळणाचे हवेत असा तुमचा आग्रह असेल, आणि तो असावा असं मला मनापासून वाटतं, तर टिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात ती वळणं थेट मिळतात. फक्त तो जाड वजनात येत नाही, म्हणून उताऱ्यांच्या स्लाइडला जास्त शोभतो.

अक्षरांमध्ये अंतर वाढवू नका. रोमन अक्षरं सुटी करून ओळ लांबवता येते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळ लांबवायची असेल तर ऐसपैस रुंदीचं अक्षर वापरा.

ओळींमधलं अंतर. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या थीममध्ये ते ०.९ पट असतं. दोन ओळींच्या देवनागरी शीर्षकात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतो. मास्टरवरच शीर्षकाला १.० आणि मजकुराला १.१ करून टाका. तिथंच ‘ऑटोफिट’ बंद करा. नाहीतर शीर्षक लांबलं की अक्षर गुपचूप लहान होतं आणि दर स्लाइडवर वेगळाच आकार दिसतो.

कातरण्याची गंमत. माइल्स अक्षरं आणि फोटो पानाच्या कडेला बिनदिक्कत कापत. देवनागरी शब्द वरून कापला तर मात्रा आणि वेलांट्या जातात, खालून कापला तर उकार जातात, आणि दोन्हींनी अर्थ बदलू शकतो. कापायचाच असेल तर उजव्या कडेला कापा: शेवटच्या अक्षराचा काना स्लाइडबाहेर गेला तरी शिरोरेघेमुळे डोळा तो शब्द पुरा करतो. ‘गोवा’ हा शब्द स्लाइडच्या अर्ध्या उंचीएवढा मोठा करून ‘वा’चा काना कडेबाहेर ढकलून बघा. रोमनमध्ये हे इतकं सहज साधत नाही.

आणि शिरोरेघ ही आपल्याला मिळालेली आयती ओळ आहे. मुखपृष्ठावरच्या शीर्षकाची शिरोरेघ डावीकडे स्लाइडच्या कडेपर्यंत लांबवा: तेवढ्याच जाडीचा आयत काढून तो रेघेला नेमका जुळवायचा. हे फक्त मुखपृष्ठापुरतं आणि तेही चित्र म्हणून करा. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’नं त्याची आकृती करा, आयत जोडा आणि एसव्हीजी म्हणून जतन करून स्लाइडवर आणा. मग दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी रेघ हलत नाही.

आकार: मुखपृष्ठावर ९६ पॉइंट, विभागाच्या आकड्याला ३०० च्या आसपास, पट्टीतल्या शीर्षकाला ५४ ते ६०, मजकुराला २८, फोटोओळीला १६. साठ पॉइंटला त्या पट्टीत एका ओळीत साधारण आठ-नऊ अक्षरं बसतात. ‘मुंबईचा जॅझ’ बसतं. ‘मुंबईतील जॅझ संगीताच्या वाटचालीचा आढावा’ बसत नाही, आणि बसवायचा हट्टही नको.

पॉवरपॉइंटची एक खोड इथंच सांगून ठेवावी लागेल. फाइलमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे नोंदवलेले असतात. थीमच्या ‘फॉन्ट्स’मध्ये तुम्ही ‘मुक्त’ निवडला तरी देवनागरी मजकूर मंगल या विंडोजच्या देवनागरी फॉन्टमध्येच उमटू शकतो. म्हणून मास्टरवरच्या चौकटीत इंग्रजी नमुना मजकूर पुसून मराठी टाइप करा, तो निवडा, फॉन्ट लावा, आणि मास्टर बंद करून नवी स्लाइड घेऊन तपासा. तपासायला हे शब्द वापरा: दुसऱ्या, कॅमेऱ्याचं, ऱ्हास, हृद्य, शृंगार, ऑर्केस्ट्रा, जॅझ, ट्रम्पेट. यातला एक जरी फुटला तरी फॉन्ट बदला. ‘दुसऱ्या’तला अर्धचंद्री र नीट न येणारे फॉन्ट अजूनही सर्रास सापडतात.

फोटो

वुल्फ यांचे फोटो जवळून काढलेले असतात: गडद पार्श्वभूमी, चेहऱ्यावर एका बाजूनं प्रकाश, सिगारेटचा धूर, वाद्यावरची बोटं. तुमच्याकडे असा फोटो नसेल तर आहे त्यातून काढता येतो. एका फोटोत फक्त एक गोष्ट ठेवा आणि बाकी कापा. बँडचा गटफोटो असेल तर सगळे दाखवायचा मोह सोडून ट्रम्पेटच्या तोंडाशी जा. पंधरा माणसांच्या फोटोपेक्षा व्हॉल्व्हवर ठेवलेली तीन बोटं मागच्या रांगेपर्यंत पोहोचतात.

आधी फोटो चौरस कापा. पूर्ण एचडी पडद्यावर तो चौरस १०८० × १०८० पिक्सेलचा होतो, त्याहून लहान फोटो फुटेल. मग तो कृष्णधवल करा आणि विरोध वाढवा, इतका की सावल्यांतले तपशील जवळपास बुजतील. दोन शायांची छपाई मधल्या करड्या छटांवर जगत नाही. त्यानंतर ‘पिक्चर फॉरमॅट’मधल्या ‘कलर’मध्ये ‘रीकलर’ निवडा आणि पहिल्या ॲक्सेंटची गडद छटा लावा. हा रंग थीमशी जोडलेला राहतो, त्यामुळे उद्या निळ्याचा हिरवा केला तर फोटोही हिरवे होतील. जास्त ताबा हवा असेल तर गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्रेडियंट मॅप’ वापरा: काळ्यापासून निळ्यातून कागदाच्या रंगापर्यंत. हे दर फोटोला हातानं करावं लागतं. कंटाळा करू नका, कारण एक रंगीत फोटो मधेच आला की बाकी सगळ्या स्लाइडचा रंग ओळखीचा राहत नाही.

ब्लू नोटचे फोटो, त्यांचं बोधचिन्ह आणि मूळ कव्हरं मात्र आपल्या थीममध्ये वापरू नका. ती त्यांच्या मालकीची आहेत. मांडणीची रीत शिकायला कुणाची आडकाठी नाही. गोव्याच्या वादकांचे जुने फोटो बहुधा घराण्यांच्या अल्बमांत असतात. परवानगी मागा आणि फोटोओळीत ज्यांनी तो दिला त्यांचा उल्लेख करा. लोक प्रेमानं देतात, आणि त्यांचं नाव पडद्यावर बघायला त्यांना आवडतं.

लेआउट

मास्टरमधले तयार लेआउट बहुतेक पुसून टाका. सहा पुरतात.

मुखपृष्ठ: चौरसात फोटो, पट्टीत शीर्षक वर चिकटवून, बोलणाऱ्याचं नाव खाली. मधली जागा मोकळी. ती भरायची नाही.

विभाग: सगळी स्लाइड निळी, चौरसात भलामोठा देवनागरी आकडा, पट्टीत तीन वर्तुळं. वर्तुळं मोठी, साडेतीन सेंमी व्यासाची. भरीव वर्तुळ नारिंगी, पोकळ वर्तुळाला कागदी रंगाची जाड कडा. विभाग चार म्हणून या लेआउटच्या चार प्रती, प्रत्येकीत आपापली आकृती. प्रतींना ‘विभाग सा’, ‘विभाग रे’ अशी नावं द्या, म्हणजे निवडताना गोंधळ होत नाही.

फोटो आणि ओळ: हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा. चौरसात चित्राची चौकट ‘इन्सर्ट प्लेसहोल्डर’मधून घाला. मग कुणी कुठल्याही आकाराचा फोटो टाकला तरी तो चौरसात कापून बसतो. पट्टीत एक शीर्षक आणि फार तर तीन ओळी.

उतारा: फोटो नाही, फक्त अक्षरं. इथं टिरो.

तक्ता किंवा आलेख: ‘हब-टोन्स’ची आठवण इथं कामाला येते. सगळे स्तंभ निळे, ज्याबद्दल तुम्ही बोलताय तो एकच नारिंगी. चौकटीच्या रेघा काढून टाका, आकडे स्तंभावरच लिहा, बाजूची रंगसूची नको. आलेखाला पूर्ण रुंदी द्या. चौरसाची रेघ मोडायची परवानगी फक्त या लेआउटला.

रिकामी: निळी किंवा काळी स्लाइड, कोपऱ्यात तीन वर्तुळं, बाकी काही नाही. गाणं ऐकवताना ही ठेवा. संगीतावरच्या व्याख्यानात ध्वनिफीत चालू असताना पडद्यावर मजकूर असला की लोक ऐकायचं सोडून वाचत बसतात.

बाकीच्या सगळ्या लेआउटवर उजव्या खालच्या कोपऱ्यात वर्तुळांची लहान आवृत्ती ठेवता येईल, व्यास अर्धा सेंमी. आणि स्लाइडचा क्रमांक कॅटलॉग क्रमांकासारखा लिहा. ‘ब्लू ट्रेन’चा कॅटलॉग क्रमांक बीएलपी १५७७ आहे, आपल्याकडे मास्टरवरच्या आणि प्रत्येक लेआउटवरच्या क्रमांकाच्या चौकटीत आपोआप येणाऱ्या आकड्याआधी ‘मुंजॅ’ (मुंबईचा जॅझ) टाइप केलं की ‘मुंजॅ १४’ असं उमटतं. श्रोत्यांना प्रश्न विचारताना ‘मुंजॅ चौदावर परत जा’ म्हणता येतं.

स्लाइड बदलताना उड्या, घिरट्या नकोत. साधा ‘कट’ ठेवा.

कव्हरची मागची बाजू

बहुतेक जण इथपर्यंत येतात आणि थांबतात. ब्लू नोटचं पुढचं कव्हर इतकं मोकळं राहू शकलं, कारण मागची बाजू गच्च भरलेली असे. पांढऱ्यावर काळा बारीक मजकूर: कोण काय वाजवतंय, आणि लिओनर्ड फेदर, नॅट हेंटॉफ किंवा आयरा गिटलर अशा जाणकारांनी लिहिलेली टिपणं. जो रेकॉर्ड घरी नेई तो ती निवांत वाचत असे.

प्रेझेंटेशनला ही मागची बाजू असते, पण ती कुणी सजवत नाही. ‘व्ह्यू’मध्ये ‘नोट्स मास्टर’ उघडा. वरचं स्लाइडचं चित्र लहान करा, खालची टिपणांची चौकट मोठी करा, तिला ‘मुक्त’ फॉन्ट ११ पॉइंट आणि १.२ पट अंतर द्या, पार्श्वभूमी पांढरी ठेवा. सगळ्यात वर एका ओळीत शीर्षक आणि मुंजॅ क्रमांक. आता स्लाइडवर न मावणारं सगळं इथं उतरवा: तारखा, संदर्भ, वादकांची पूर्ण नावं, कुणी कुठल्या हॉटेलात वाजवलं त्याची यादी. नोट्स पानांची पीडीएफ काढून व्याख्यानानंतर वाटा.

मुद्दा कमी करायला सांगितलं की वक्ते कासावीस होतात, कारण त्यांना माहिती फेकून दिल्यासारखं वाटतं. त्यांना मागची बाजू द्या. माहिती तिथं गेली की समोरची स्लाइड आपसूक हलकी होते. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या उपायांत हाच खरोखर टिकतो.

तपासणी आणि जतन

‘स्लाइड सॉर्टर’ उघडा आणि झूम इतका कमी करा की एकेक स्लाइड पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसेल. दुकानातल्या रॅकची परीक्षा हीच. ज्या स्लाइडचा विषय त्या आकारात कळत नाही ती पुन्हा करा. मग एक प्रत कृष्णधवल छापून बघा. नारिंगी आणि निळा करड्यात सारखेच दिसत असतील तर आलेखात फक्त रंगावर भिस्त ठेवू नका, आकडाही ठळक करा. शक्य असेल तर व्याख्यानाच्याच खोलीत, तिथल्याच प्रोजेक्टरवर, शेवटच्या रांगेत बसून १६ पॉइंटची फोटोओळ वाचा. वाचता आली नाही तर २० करा, आणि ते मास्टरवर करा, एकेका स्लाइडवर नाही.

थीम जतन करायला ‘डिझाइन’मध्ये थीमची यादी खाली उघडून ‘सेव्ह करंट थीम’ निवडा. ती टीएचएमएक्स फाइल म्हणून साठते आणि पुढच्या प्रेझेंटेशनला लावता येते. सहकाऱ्यांना नमुना स्लाइडसकट द्यायची असेल तर पॉवरपॉइंट टेम्पलेट, म्हणजे पीओटीएक्स, म्हणून साठवा. त्यात प्रत्येक लेआउटची एक भरलेली स्लाइड ठेवा आणि पहिल्याच स्लाइडवर चार रंगांची चौकड व कुठल्या जोड्या चालत नाहीत ते लिहा. विंडोजवर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथं फॉन्ट फाइलमध्येच भरण्याचा पर्याय आहे. वर सांगितलेले फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्यानं त्याला अडचण येत नाही. तरीही कार्यक्रमाच्या ठिकाणी पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर न्या, कारण तिथला संगणक कुणाचा आणि केवढा जुना हे आधी कळत नाही. पीडीएफमध्ये ध्वनिफिती वाजणार नाहीत, म्हणून त्या वेगळ्या फोल्डरमध्ये मुंजॅ क्रमांकानं नावं देऊन ठेवा.